परदेशी नोकरीचे कागद गावातच तयार होतात

घुग्घुस-राजुऱ्याच्या कोळसा-सिमेंटच्या पट्ट्यात, बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये, चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात कंत्राटदाराच्या हाताखाली राबणारे फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर हल्ली परदेशी नोकरीबद्दल विचारू लागले आहेत. कोनसरीचा लोह-पोलाद प्रकल्प आणि सुरजागडची लोहखाण यांमुळे गडचिरोलीतही आयटीआयकडे वळणाऱ्या मुलांची संख्या वाढली आहे आणि त्यांच्याही मोबाइलवर जर्मनी, सौदी, दुबईच्या जाहिराती येतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार उमेदवारांचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि तेव्हापासून ही चौकशी आणखी वाढली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. दार उघडे आहे, यात शंका नाही. पण आपल्या दोन जिल्ह्यांतली मुले दारापर्यंत पोहोचण्याआधीच अडतात, आणि ती अडतात ती बहुतेक वेळा तहसील, शाळा आणि ठेकेदार यांच्याकडच्या कागदांत. म्हणून या लेखात दूतावासाकडे आपण थोडे उशिरा वळू. सुरुवात घरातल्या पेटीपासून करू.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. व्हिसा आणि निवास परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. व्हिसा तुम्हाला त्या देशाच्या विमानतळावरून आत सोडतो आणि ठरावीक मुदतीपर्यंत चालतो. त्या मुदतीत तिथल्या स्थानिक कार्यालयातून निवास परवाना काढावा लागतो. पुढची वर्षे तुमचे तिथले राहणे, काम करणे, बँक खाते आणि बायकामुलांना बोलावणे या परवान्यावर चालते. सौदीत त्याला इकामा म्हणतात, जर्मनीत ते चिप असलेले कार्ड असते, जपानमध्ये मोठ्या विमानतळांवर उतरतानाच निवास कार्ड हातात देतात. एजंट बोलतो ते फक्त व्हिसाबद्दल, कारण त्याचे पैसे तिथपर्यंतच असतात. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून विचारायला हवे की निवास परवाना कोण काढून देणार, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने.

आता पेटी उघडा. पहिले बघायचे ते नाव. मडावी, उसेंडी, पुंगाटी, कोडापे, आत्राम ही आडनावे रोमन लिपीत प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक आधार केंद्रावरच्या मुलाने आपापल्या कानाप्रमाणे लिहिली आहेत. मडावीतला ‘व’ एका कागदावर एका अक्षराने, दुसऱ्यावर दुसऱ्याने. वडिलांचे नाव टी.सी.वर ‘दोगे’, आधारवर ‘डोगे’. सिरोंच्याकडे तर तेलुगू वळणाने घराण्याचे नाव आधी येते आणि मराठी शाळेत तेच शेवटी जाते. गावात याने काही बिघडत नाही. परदेशी अधिकाऱ्याला मात्र ही दोन माणसे वाटतात. दहावीची गुणपत्रिका हा पाया धरा आणि आधार, पॅन, जातीचा दाखला, आयटीआयचे प्रमाणपत्र हे सगळे त्या एका अक्षररचनेला जुळवून घ्या. दहावीच्या कागदातच चूक असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे दुरुस्तीचा अर्ज जातो. नाव खरोखर बदलायचे असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करावे लागते, त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. हे काम पासपोर्टच्या आधी करा. पासपोर्ट चुकीच्या नावाने निघाला की पुढचा प्रत्येक कागद त्या चुकीला बांधला जातो.

दुसरा प्रश्न जन्माचा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्माचा दाखला सक्तीचा आहे. त्याआधी जन्मलेल्यांना टी.सी., दहावीचे प्रमाणपत्र किंवा पॅन कार्ड चालते, म्हणून आजच्या तरुणांना पासपोर्टपुरती अडचण येत नाही. पण परदेशात लग्नाची नोंद करताना किंवा कुटुंबाला नेताना जन्मदाखला मागितला जातो. घरी, पाड्यावर झालेल्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत नसेल तर एक वर्षाहून जुन्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. याला वेळ लागतो, तेव्हा आजच अर्ज टाकून ठेवणे शहाणपणाचे.

मुलचेरा, चामोर्शी भागातल्या बंगाली कुटुंबांना वेगळी सूचना. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या आजोबा-पणजोबांचे पुनर्वसनाच्या वेळचे कागद आणि जमिनीचा पट्टा जपून ठेवा आणि त्यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. पडताळणीच्या वेळी आई-वडिलांच्या नागरिकत्वाचा पुरावा विचारला गेला तर हेच कागद कामी येतात.

विदर्भातल्या इतर जिल्ह्यांप्रमाणे आपले दोन्ही जिल्हे नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. अर्ज ऑनलाइन भरून, भेटीची वेळ घेऊन मूळ कागदांसह जायचे. भामरागडच्या मुलांनी ही वेळ पावसाळ्यात घेऊ नये. पर्लकोटा नदीला पूर आला की तालुका तुटतो आणि घेतलेली वेळ वाया जाते. अर्ज भरताना तीन गोष्टी नीट पाहा. तुम्ही सध्या नागपुरात किंवा पुण्यात खोली करून राहत असाल तर सध्याचा पत्ता तोच द्या. गावचा पत्ता दिला आणि पोलीस चौकशीला आले तेव्हा तुम्ही तिथे नसाल तर अहवाल तुमच्या विरुद्ध जातो. दुसरे, दहावी पास असाल तर त्याचा पुरावा न चुकता जोडा. तो जोडला नाही तर पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का येतो, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागणार. जुन्या पासपोर्टवर हा शिक्का असेल आणि दरम्यान तुम्ही दहावी झाला असाल तर पासपोर्ट नव्याने काढून तो हटवून घेता येतो.

तिसरी गोष्ट खास आपल्या भागातली आणि तिच्याबद्दल उघडपणे कोणी बोलत नाही. जंगलातून लाकूड आणल्याचा वनगुन्हा, आंदोलनात बसल्याचा गुन्हा, कधीकाळी गावातल्या भांडणात नाव गोवलेले, अशी प्रकरणे कितीतरी घरांत आहेत. अर्जात ‘गुन्हा नाही’ असे लिहून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. माहिती दडवणे हा पासपोर्ट कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. फौजदारी खटला न्यायालयात प्रलंबित असेल तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट नाकारता येतो, हे खरे. पण २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वाट ठेवली आहे. ज्या न्यायालयात खटला आहे तिथून परदेशी जाण्याची परवानगी आणली तर त्या आदेशातल्या मुदतीपुरता पासपोर्ट मिळतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जमाती आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

कामाचा अनुभव हा पुढचा खड्डा, आणि माझ्या मते सर्वांत खोल. एखादा मुलगा पाच वर्षे पॉवर हाऊसच्या ओव्हरहॉलिंगमध्ये वेल्डिंग करतो, त्याच्या हातात कसब असते आणि कागदावर काहीच नसते. दर वर्षी ठेकेदार बदलतो, पगार रोखीत मिळतो, गेटपास परत घेतला जातो. परदेशी मालक आणि व्हिसा अधिकारी विचारणार: कुठे, किती काळ, कोणत्या पदावर? म्हणून आजपासून पगार बँकेत घ्या. पीएफचा यूएएन नंबर सुरू करून घ्या आणि पासबुक दर महिन्याला तपासा, कारण कोणत्या ठेकेदाराकडे किती महिने काम केले याचा तो सरकारी पुरावा आहे. ठेका संपतानाच अनुभवाचे पत्र मागा. वर्षभराने ठेकेदार सापडत नाही. पत्रात ‘कामगार’ एवढेच लिहून घेऊ नका. कोणते मशीन, कोणत्या प्रकारचे वेल्डिंग, किती व्होल्टेजचे काम, ते लिहून घ्या.

आता जर्मनीकडे वळू. तिथे हाताच्या कामाचेही शिक्षण कायद्याने मोजले जाते. परदेशी प्रशिक्षण त्यांच्या प्रशिक्षणाच्या तोडीचे आहे का, हे आधी तपासले जाते. कारखानदारी आणि व्यापारातल्या पेशांसाठी न्यूरेंबर्गचे ‘आयएचके फोसा’ हे कार्यालय हा निर्णय देते, कारागिरीच्या पेशांसाठी तिथले स्थानिक कारागीर मंडळ. आपल्या आयटीआयला बहुधा अंशतः मान्यता मिळते आणि उरलेला भाग तिथे काम करता करता पूर्ण करावा लागतो. मार्च २०२४ पासून यासाठी वेगळी सोय झाली आहे. मालकाशी करार करून, मान्यतेचा अर्ज तिथे गेल्यावर करण्याच्या अटीवर व्हिसा मिळू शकतो. मात्र त्यासाठी जर्मन भाषेची ए-२ पातळी (ए-१ नंतरची दुसरी पायरी) आणि किमान दोन वर्षांचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण हवे.

या दोन वर्षांच्या अटीकडे नीट लक्ष द्या. फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे. चंद्रपुरात वेल्डरला रोज काम मिळते म्हणून मुले तो ट्रेड घेतात आणि जर्मनीच्या या वाटेवर अडतात. आयटीआयचा अर्ज अजून भरायचा असेल आणि परदेशाचा विचार मनात असेल तर दोन वर्षांचा ट्रेड निवडा. एक वर्षाचा झाला असेल तर ‘आउसबिल्डुंग’चा विचार करा. हे जर्मनीतले कारखान्यात आणि शाळेत मिळून चालणारे प्रशिक्षण आहे. पेशाप्रमाणे ते दोन ते साडेतीन वर्षांचे असते, त्या काळात विद्यावेतन मिळते आणि शेवटी तिथलेच प्रमाणपत्र हाती येते. त्यासाठी भाषा साधारण बी-१ पातळीची लागते. बारावी झालेल्या, घरची जबाबदारी अजून अंगावर न आलेल्या मुलामुलींसाठी मला हीच वाट सर्वांत भक्कम वाटते.

नर्सिंगच्या मुलींसाठी: जीएनएम किंवा बी.एस्सी. असेल तर मान्यतेचा अर्ज करता येतो आणि नोंदणीकृत नर्स होण्यासाठी सहसा बी-२ पातळीची जर्मन लागते. एएनएमवर पूर्ण नर्सची मान्यता मिळत नाही. आपल्याकडे एएनएमच्या शाळा पुष्कळ आहेत आणि ‘एएनएमवर जर्मनी’ असे सांगून पैसे घेणारेही भेटतील. त्यांना उभे करू नका. अभियंत्यांसाठी ब्लू कार्ड हा वेगळा निवास परवाना आहे. २०२५ मध्ये त्यासाठी वर्षाला किमान ४८,३०० युरो पगाराचा करार लागत होता, टंचाईच्या पेशांसाठी ४३,७५९ युरो ८० सेंट. हा आकडा दर वर्षी वाढतो.

भाषेत सवलत नाही. ए-१ पासून बी-१ पर्यंत नियमित अभ्यास केला तरी वर्षाच्या आसपास जाते. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनातून होणाऱ्या गोएथे परीक्षेला मान आहे. ‘परीक्षा न देता सर्टिफिकेट’ घेतलेला मुलगा दूतावासाच्या खिडकीवर दोन प्रश्नांत उघडा पडतो आणि त्याची नोंद राहते. माडिया, गोंडी, मराठी, हिंदी, वर तेलुगू किंवा छत्तीसगढी बोलणारी आपली मुले भाषेत कमी नाहीत. त्यांना फक्त शिस्तीने शिकवणारा हवा.

व्हिसासाठी महाराष्ट्राचे काम मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावास पाहतो आणि लांब मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसाचे शुल्क ७५ युरो आहे. सोबत नोकरीचा करार, मान्यतेचा निर्णय किंवा त्याबद्दलचा करार, भाषेचे प्रमाणपत्र, आरोग्य विमा. मालकाला खरोखर घाई असेल तर तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकतो. जो मालक हे करतो तो गंभीर आहे असे समजा. एका खर्चापासून मात्र वाचा. एजंट ‘अपोस्टिल करून देतो’ म्हणून हजारो रुपये घेतात. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात सामील झाला, पण जर्मनीने त्यावर हरकत घेतलेली असल्याने भारतीय अपोस्टिल तिथे चालत नाही. दूतावास आपल्या पद्धतीने कागद तपासतो.

पोहोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची. त्यासाठी घरमालकाची लेखी पुष्टी लागते, म्हणून ती खोली ताब्यात घेतानाच मागा. मग व्हिसाची मुदत संपण्याच्या पुष्कळ आधी परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज. मोठ्या शहरांत भेटीची वेळ मिळायला महिने लागतात. मुदतीच्या आत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचे राहणे कायदेशीर मानले जाते आणि तसा तात्पुरता दाखला मिळतो. मुदत संपल्यावर अर्ज केला तर हे संरक्षण जाते. कार्डासोबत पुरवणी पान असेल तर त्यावर कोणत्या मालकाकडे, कोणत्या पेशात काम करायची मुभा आहे ते लिहिलेले असते, ते कोणाकडून तरी वाचून घ्या. नोकरी वेळेआधी सुटली तर दोन आठवड्यांत कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे. लपवले तर परवाना जाऊ शकतो, कळवले तर दुसरी नोकरी शोधायला वेळ मिळू शकतो. कुशल कामगार म्हणून तीन वर्षे नीट काढली, भाषा आणि पेन्शनची वर्गणी जमली, की कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. करारावरचा पगार पूर्ण हातात पडत नाही हेही घरी सांगून ठेवा. एकट्या माणसाच्या पगारातून कर, आरोग्य विमा आणि पेन्शन मिळून साधारण तिसरा हिस्सा कापला जातो, मगच घरी पैसे पाठवायचे गणित सुरू होते.

आखातात जर्मनीसारखी भाषेची अट नाही, म्हणून तिथे गर्दी जास्त आणि फसवणूकही जास्त. पासपोर्टवर ईसीआर असेल तर सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया धरून १८ देशांसाठी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवानगी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून होते. अशा पासपोर्टवर जाणाऱ्या स्त्रीचे वय किमान ३० हवे. एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना हवा आणि त्याचा नंबर याच पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. त्याने घ्यायची सेवा फी जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, एकूण ३५,४०० रुपये. ब्रह्मपुरी, अहेरी, गोंडपिपरीच्या चौकात बसून ‘मुंबईच्या ऑफिसचा माणूस’ म्हणवणारा उपएजंट कायद्याला मान्य नाही. तो दीड-दोन लाख मागत असेल तर त्याच्याशी पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

वैद्यकीय तपासणीचे पैसे भरण्याआधी छातीचा एक्स-रे इथेच काढून पाहा. क्षयरोग पूर्ण बरा झालेला असला तरी फुप्फुसावर राहिलेल्या जुन्या डागावरून आखाती देशांची तपासणी उमेदवाराला अपात्र ठरवते. आपल्या भागात हे दुर्मीळ नाही, आणि कर्ज काढून झाल्यावर ते कळणे फार महाग पडते. उत्प्रवासनाची परवानगी घेऊन जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचे संरक्षण असते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. पॉलिसीची प्रत घरी ठेवा.

सौदीत पोहोचल्यावर ९० दिवसांत मालकाने इकामा काढून द्यायचा असतो आणि त्याचा खर्च मालकाचा. तो ढिलाई करू लागला तर मुदत संपायची वाट न पाहता दूतावासाला कळवा. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे तिथल्या कायद्यालाही मंजूर नाही.

आणि हे तर कोणत्याही देशाला लागू: पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर नोकरीला जाऊ नका. ‘तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ या शब्दावर गेलेला माणूस पहिल्या दिवसापासून बेकायदा असतो आणि त्याला पगार मागायचाही हक्क दाखवता येत नाही. थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी सांगून नेलेल्या कितीतरी भारतीय मुलांना सीमा ओलांडून म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या छावण्यांत डांबले गेले. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक जणांना हवाई दलाच्या विमानांतून परत आणावे लागले.

पैशांसाठी जमीन गुंतवू नका. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जाऊ शकत नाही, पण कोऱ्या मुद्रांकावर सह्या घेऊन, ‘फक्त हमी म्हणून’ सातबारा ठेवून घेणारे लोक आहेत. कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून अंगठा घेऊ देऊ नका. फी द्यायची ती बँकेतून, पावती घेऊन.

निघण्याआधी पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र, विमा, एजंटचा परवाना नंबर आणि तिकीट यांच्या दोन छायाप्रती काढा. एक आई-वडिलांकडे आणि एक गावातल्या विश्वासू शिक्षकाकडे किंवा ग्रामसेवकाकडे ठेवा. करारपत्राचा मराठी अर्थ समजल्याशिवाय सही करू नका. ऑफर खरी की खोटी हे विचारायला आणि तक्रार करायला प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा निःशुल्क नंबर १८०० ११ ३०९० आहे. परदेशात अडकलेल्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल आहे, आणि तिथे घरच्या माणसालाही तक्रार नोंदवता येते. सहाय्यता केंद्राचा नंबर आईच्या मोबाइलमध्ये आजच साठवून ठेवा.